महमूद गवान : शिक्का आणि हेतू

श्रोतेहो, राज्ये तलवारीने मिळतात आणि कागदाने चालतात, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लढाई जिंकणारा सेनापती चार दिवस गाजतो. पण जिंकलेल्या मुलखाचा वसूल कोणी गोळा करायचा, गडाच्या किल्ल्या कोणाजवळ राहायच्या, शिपायाचा पगार केव्हा आणि किती द्यायचा, हे सारे कागदावर ठरते. कागदावर मजकूर असतो, मजकुराखाली शिक्का असतो, आणि शिक्का दिसला की माणसे कामाला लागतात. परंतु हुकूम हाती पडला म्हणजे तो मनाला पटला असे होत नाही. हा हुकूम का निघाला, त्यामागचा हेतू कोणता, हे ज्याला ठाऊक नसते, तो माणूस हुकूम पाळतो खरा, पण राखीत नाही. धन्याची नजर असेतोवर पाळणे चालते. धनी गेल्यावर राखणे लागते. ह्या दोहोंतील अंतर एका मोठ्या राज्याला कसे भोवले, ती हकीकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

ही हकीकत बीदरची आहे. बीदर हे नाव मराठी माणसाला परके नाही. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगे हे तालुके बीदर जिल्ह्यातच मोडत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात आले आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. नकाशावर रेघ ओढली गेली; सोयरिकी, बाजारहाट आणि जत्रा मात्र त्या रेघेला विचारून थांबल्या नाहीत. औराद-भालकीकडच्या कित्येक घरांत आजही ओसरीवर मराठी आणि कचेरीत कानडी असा व्यवहार चालतो. दक्षिणेस लागूनच गुलबर्गा. २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव कलबुर्गी असे झाले आहे. ह्या दोन नगरांनी मिळून पावणेदोनशे वर्षांच्या बहमनी राज्याला राजधान्या पुरविल्या. इ. स. १३४७ मध्ये अल्लाउद्दीन हसन बहमनशहाने हे राज्य स्थापन केले, तेव्हा गादी गुलबर्ग्यास होती. पुढे पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अहमदशहा वली ह्याने ती बीदरच्या लाल मातीच्या पठारावर हलविली.

ह्याच बीदरमध्ये इ. स. १४५३ साली एक इराणी व्यापारी आला. कास्पियन समुद्राच्या काठच्या गिलान प्रांतातला हा माणूस, वय बेचाळीसच्या घरात, समुद्रमार्गाने दाभोळ बंदरी उतरून घाट चढून आला होता. त्याचे नाव ख्वाजा महमूद गवान. येथील सत्पुरुषांचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्लीकडे जावे असा त्याचा बेत होता, असे सांगतात. परंतु सुलतानाने त्याला ठेवून घेतले आणि तो कायमचा बीदरचा झाला. हुमायूनशहाने त्याला व्यापाऱ्यांचा प्रमुख ह्या अर्थाची ‘मलिक-उत्-तुज्जार’ ही पदवी दिली. हुमायून १४६१ मध्ये वारला, तेव्हा गादीवर आठ वर्षांचे पोर आले. त्या कठीण काळात राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान ह्या तिघांनी कारभार सांभाळला. पुढे तिसऱ्या महंमदशहाच्या कारकिर्दीत, १४६६ च्या सुमारास, गवान मुख्य वजीर झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, त्या पदावर राहिला.

ह्या पंधरा वर्षांत बहमनी राज्य आपल्या कळसाला पोहोचले. गवानने स्वतः कोकणची मोहीम केली. ज्याला पुढे विशाळगड म्हणू लागले, तो खेळणा किल्ला त्याने घेतला. संगमेश्वराचा मुलूख घेतला. १४७२ मध्ये विजयनगराच्या ताब्यातील गोवे जिंकले. पूर्वेला राजमहेंद्री आणि कोंडपल्लीपर्यंत बहमनी निशाण गेले. दोन्ही समुद्रांना राज्याची हद्द भिडली. पण हद्द वाढली तसे एक जुने दुखणेही वाढले. राज्याचे चार मोठे विभाग होते. त्यांना तरफा म्हणत. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण ह्या तरफांचे अधिकारी, म्हणजे तरफदार, हे आपापल्या मुलखात जवळजवळ राजेच होऊन बसले होते. सारे किल्ले त्यांच्या हाती, वसूल त्यांच्या हाती, फौजही त्यांचीच. बीदरला कर पोहोचवावा की बंडाचे निशाण उभारावे, हे बरेचसे त्यांच्या मर्जीवर होते.

गवानने ह्या दुखण्यावर जे औषध काढले, ते आजच्या कारभाऱ्यालाही विचार करायला लावील असे आहे. त्याने चारांच्या आठ तरफा केल्या. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले; दौलताबादेतून जुन्नर वेगळे निघाले; गुलबर्ग्यातून विजापूर वेगळे काढले; तेलंगणाचे वरंगळ आणि राजमहेंद्री असे दोन तुकडे झाले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार बसविले. प्रत्येक तरफेतले काही परगणे खालशात घेऊन त्यांचा वसूल थेट राजाच्या खजिन्यात येईल अशी तजवीज केली. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदारांच्या वेतनाचे प्रमाण वाढविले. परंतु त्याबरोबरच, जितके स्वार कमी भरतील तितक्यांची रक्कम कापून घेण्याचा नियमही घातला. दरबारात दक्खनी आणि परदेशी, म्हणजे आफाकी, असे दोन पक्ष परस्परांच्या रक्ताला तहानलेले होते. स्वतः परदेशी असूनही गवानने मोठ्या जागा दोन्ही पक्षांत तोलून वाटल्या.

ह्या सगळ्यांतून एकच सूत्र जात होते. राज्य हे कोणा सरदाराच्या घराण्याची मिरास नसून एका व्यवस्थेचे नाव आहे, आणि त्या व्यवस्थेत प्रत्येकाची जागा व मर्यादा ठरलेली असावी, हे ते सूत्र. हेतू निःसंशय चांगला होता. पण तो कळला कोणाला? ज्या तरफदाराचे सहा किल्ले जाऊन एक उरला, त्याने त्याचा अर्थ आपला अपमान असा घेतला. ज्याच्या हजेरीपटावरचे खोटे स्वार उघडकीस आले, त्याने तो आपल्या पोटावर पाय मानला. दक्खनी सरदारांना वाटले की, परदेशी वजीर आमचे बळ मोडतो आहे. परदेशी सरदारांना वाटले की, आपला माणूस वजीर असून आपल्याला झुकते माप मिळत नाही. हुकूम एक आणि अर्थ चार, अशी ही अवस्था होती. फिरिश्ता हा इतिहासकार सुधारणांचा तपशील देतो आणि त्याच ओघात त्यांवरचा सरदारांचा रोषही सांगतो. हुकमाच्या पोटी कारण नसले की, ती रिकामी जागा रिकामी राहात नाही. तिथे संशय येऊन बसतो.

आता ह्यातली विशेष गोष्ट अशी की, पत्र कसे लिहावे आणि मनातला आशय दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचवावा, ह्या शास्त्रात महमूद गवान हा आपल्या काळचा मोठा अधिकारी पुरुष होता. ‘मनाझिर-उल्-इन्शा’ नावाचा पत्रलेखनावरचा फार्सी ग्रंथ त्याने रचला. त्याची स्वतःची पत्रे ‘रियाझ-उल्-इन्शा’ ह्या संग्रहात आहेत. तुर्कस्तानच्या सुलतानाला, गिलानच्या राजांना, जामीसारख्या विख्यात कवीला त्याने पत्रे लिहिली. विद्वानांनी बीदरला यावे म्हणून तो आर्जवाने लिहीत असे. १४७२ च्या सुमारास त्याने बीदरला जो तीन मजली मदरसा उभारला, तो ह्याच ध्यासाचे फळ होय. म्हणजे ज्याच्या लेखणीची वाखाणणी समुद्रापलीकडे व्हावी, अशा पुरुषाचा हेतू समुद्रापलीकडच्या पंडितांना ठाऊक होता. पण खेळण्याच्या किल्लेदाराला, जुन्नरच्या शिलेदाराला, बीदरच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याला तो ठाऊक होता काय? त्या अलंकृत फार्सीचा आणि गावोगावच्या मराठी, कानडी, तेलुगू बोलीचा फारसा संबंधच नव्हता. खाली पोहोचत होता तो शिक्का. मजकुराचा आत्मा वाटेतच राहात होता.

त्याच काळात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी बीदरमध्ये राहून गेला. सरदारांचे अलोट वैभव आणि खेड्यांतील रयतेचे दारिद्र्य ह्यांतला विरोध त्याच्या डोळ्यांत भरला आणि त्याने तो आपल्या प्रवासवर्णनात नोंदून ठेवला. वजिराच्या सुधारणांचा फायदा ज्या रयतेला व्हायचा, ती रयत दरबारापासून किती दूर होती, हे ह्या परक्या माणसाच्या नोंदीवरून ध्यानात येते. सुधारणेने ज्यांचे नुकसान होत होते ते सारे दरबारात होते. ज्यांचे भले होणार होते त्यांना सुधारणा चालू आहे हेच माहीत नव्हते.

मग जे व्हायचे ते झाले. तेलंगणाचा सरदार मलिक हसन, ज्याला निजाम-उल्-मुल्क असा किताब होता, तो दक्खनी पक्षाचा पुढारी होता. हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फिरिश्ता सांगतो. ह्याच्याच मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही स्थापली. तेलंगणाची वाटणी झाल्याने तो दुखावला होता. त्याच्या पक्षाच्या लोकांनी वजिराच्या शिक्क्यावर जो हबशी गुलाम नेमलेला होता, त्याच्याशी मैत्री जोडली. एके दिवशी तो दारूच्या अंमलात असता त्यांनी त्याच्यापुढे घडी घातलेला एक कागद ठेवला. हा एका स्नेह्याच्या हिशेबाचा कागद आहे, ह्यावर इतरांचे शिक्के झाले आहेत, एवढा तुझ्या धन्याचा राहिला आहे, असे त्यांनी सांगितले. त्याने कागद उलगडून न पाहता शिक्का उठविला. कागद कोरा होता. त्या कोऱ्या कागदावर मग ओरिसाच्या राजाला उद्देशून वजिराच्या नावे पत्र लिहिले गेले. सुलतान व्यसनी आणि जुलमी झाला आहे, सरहद्दीवर कोणी मातबर सरदार नाही, आपण चाल करून यावे आणि मुलूख दोघांनी वाटून घ्यावा, अशा आशयाचे ते पत्र होते.

सुलतान त्या वेळी कोंडपल्लीच्या छावणीत होता. पत्र त्याच्या हाती पडले तेव्हा तोही मद्याच्या अंमलात होता. त्याने वजिराला तत्काळ बोलाविले. स्नेह्यांनी गवानला सावध केले आणि गुजरातेकडे निघून जाण्याची मसलत दिली. पण आयुष्य ह्या घराण्याच्या सेवेत गेले, आता सत्तरीत पळून कोठे जायचे, असे म्हणून तो हजर झाला. धन्याशी बेइमानी करणाऱ्यास शासन काय, असे सुलतानाने विचारले. देहान्त, असे वजिराने उत्तर दिले. तेव्हा सुलतानाने पत्र पुढे टाकले. शिक्का आपला आहे, पत्र आपले नाही, एवढेच गवान शपथेवर सांगू शकला. सुलतानाने अधिक काही न ऐकता गुलामाला खूण केली. तो दिवस ५ एप्रिल १४८१ चा. पत्रलेखनावर ग्रंथ लिहिणाऱ्या पुरुषाचा प्राण एका खोट्या पत्राने घेतला.

फिरिश्त्याने हा वृत्तान्त सव्वाशे वर्षांनंतर विजापूरच्या दरबारी बसून लिहिला, आणि विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान हा गवानच्या मर्जीतला होता. तेव्हा त्या वृत्तान्तातील संवादांना थोडा रंग चढला असेल, हे ध्यानात ठेवावे. परंतु वजिराचा वध, त्यामागचे कारस्थान आणि त्यानंतरची पडझड ही इतिहासाला मान्य आहेत. माझे लक्ष वेधते ते सुलतानाने न विचारलेल्या एका प्रश्नाकडे. शिक्का खरा की खोटा, हे त्याने पाहिले. शिक्का खरा होता. पण ह्या माणसाने असे का करावे, हे त्याने स्वतःला विचारले नाही. ज्याने गोवे जिंकून राज्याला जोडले, ज्याने सरदारांचे किल्ले काढून ते राजाच्या हाती दिले, तो सत्तरीचा वृद्ध तेच राज्य परक्याबरोबर वाटून घ्यायला निघेल काय? हेतूची कसोटी लावली असती, तर ते पत्र क्षणभरही टिकले नसते. जिथे कागदाची परीक्षा केवळ शिक्क्यावरून होते, तिथे खोटे पत्र आणि खरे पत्र ह्यांत भेद उरत नाही. शिक्का चोरता येतो. दहा जणांना ठाऊक असलेला हेतू चोरता येत नाही.

वजिराच्या मृत्यूनंतर त्याची दौलत जप्त करायला माणसे गेली, तेव्हा तिथे फारसे काही सापडले नाही. स्वतःचा खर्च तो आपल्या व्यापाराच्या भांडवलातून करी आणि जहागिरीचे उत्पन्न फौजेवर व गोरगरिबांवर खर्ची पडे, असे त्याच्या खजिनदाराने सांगितले. मदरशातील विद्यार्थ्यांसाठी जमविलेली पुस्तके तेवढी होती. सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्ष पुरे होण्याच्या आत, मार्च १४८२ मध्ये, तोही मरण पावला.

ह्यापुढचा भाग मला ह्या हकीकतीचा खरा गाभा वाटतो. गवानच्या वधाने त्याचे मित्र हळहळले. यूसुफ आदिलखान आणि वऱ्हाडचा फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क ह्यांनी सुलतानाच्या छावणीपासून आपले तळ दूर ठेवले. त्याच्या भेटीस जाणेही टाळू लागले. वजिरावर त्यांचे प्रेम होते ह्यात शंका नाही. पण पुढे त्यांनी काय केले? १४९० च्या सुमारास आदिलखान विजापुरास आणि इमाद-उल्-मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र झाला. त्याच सुमारास मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद जुन्नर-अहमदनगरकडे स्वतंत्र झाला. नंतर गोवळकोंडे फुटले आणि खुद्द बीदर बरीदांच्या घशात गेले. म्हणजे ज्या शत्रूने वजिराला मारविले त्याच्या मुलाने, आणि ज्या मित्रांनी वजिरासाठी अश्रू ढाळले त्यांनी, शेवटी एकच गोष्ट केली. तरफदाराने राजा होऊ नये म्हणून गवानने आयुष्य वेचले. त्याच्या शत्रूंप्रमाणे त्याचे मित्रही तरफदाराचे राजे झाले. त्यांची निष्ठा माणसावर होती, माणसाच्या हेतूवर नव्हती. माणूस गेला, निष्ठा संपली.

ह्यावर कोणी म्हणेल की, हे सारे स्वार्थाचे खेळ. मलिक हसनसारख्याला हेतू समजावून सांगितला असता म्हणून काय तो आपले किल्ले आनंदाने सोडणार होता? आक्षेप रास्त आहे. ज्याचे नुकसान व्हायचे त्याला कारणे पटत नाहीत, हा जगाचा अनुभव आहे. परंतु कोणतीही संस्था केवळ वरच्या चार-दोन सरदारांवर उभी नसते. नव्याने नेमलेले किल्लेदार होते, खालशातल्या परगण्यांचे कारकून होते, पुरा पगार हाती येऊ लागलेले शिपाई होते. ही नवी व्यवस्था आपली आहे, ती मोडली तर आपले नुकसान आहे, हे त्यांना उमगले असते, तर राज्याच्या पाच वाटण्या करणे इतके सोपे गेले नसते. हेतू सांगितल्याने विरोधक गप्प बसत नाही, हे खरे. पण पाठीराखे तयार होतात. गवानने विरोधक निर्माण केले आणि पाठीराखे निर्माण केले नाहीत.

बीदरच्या पश्चिमेस, त्याच जिल्ह्यात, बसवकल्याण आहे. गवानच्या आधी तीन शतके ते कल्याण ह्या नावाने चालुक्यांची राजधानी होते. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ तिथलीच. बाराव्या शतकाच्या मध्यास कलचुरी बिज्जळ राजाच्या पदरी बसवेश्वर हे भांडारी होते. राजाच्या खजिन्याचा शिक्का त्यांच्याही हाती होता. पण लोकांशी ते बोलले शिक्क्याच्या भाषेत नव्हे, तर साध्या कानडीत. परंपरा सांगते की, अनुभवमंटपात अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत आणि तिथे नावाडी चौडय्या, परीट माचय्या, दोर वळणारा चंदय्या, अक्कमहादेवीसारख्या स्त्रिया, असे सर्व जण बसत आणि बोलत. प्रत्येकाने कष्टाचे काम करावे, ते काम हीच पूजा मानावी आणि गरजेपलीकडचे समाजाला द्यावे, हा त्या मंडळीचा हेतू. तो कोणा एकाच्या दप्तरात नव्हता. सर्वांच्या तोंडी होता.

त्या काळची एक कथा कलबुर्गी-बीदरकडे घरोघर सांगतात. मारय्या नावाचा एक शरण सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर त्याची गुजराण व दासोह चाले. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते पाहून त्याला बजावले की, हा लोभ आपल्याला शोभत नाही. जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथे परत टाकून या. श्रोतेहो, ह्या कथेत कोणी अधिकारी नाही, हुकूम नाही, तपासनीस नाही. तरी नियम पाळला गेला, कारण नियमाचे कारण नवऱ्याइतकेच बायकोलाही ठाऊक होते. ज्या संस्थेत शेवटचा माणूस पहिल्याला चूक दाखवू शकतो, त्या संस्थेला हेतू कळला आहे असे समजावे.

कल्याणचाही शेवट रक्तपातात झाला. ब्राह्मणाची कन्या आणि चर्मकाराचा पुत्र ह्यांच्या विवाहावरून आगडोंब उसळला. वधूवरांच्या पित्यांना देहान्त शासन झाले. ११६७ च्या सुमारास बिज्जळ मारला गेला आणि शरण चहूकडे पांगले. नगर वाचले नाही. पण वचने वाचली. पांगलेल्या माणसांनी ती बरोबर नेली, ताडपत्रांवर उतरवली, देव्हाऱ्यात ठेवली. पंधराव्या शतकात त्यांचे संकलन झाले, आणि विसाव्या शतकात विजापूरच्या फ. गु. हळकट्टी ह्यांनी घरोघर हिंडून अशी हस्तलिखिते गोळा केली व छापली. बीदरचे राज्य मोडल्यावर गवानच्या आठ तरफांची व्यवस्था राखायला कोणी उरला नाही. कल्याण मोडल्यावर प्रत्येक घर कल्याणची शाखा झाले. अर्थात ह्यावरून हेतू असला म्हणजे झाले, व्यवस्था नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. शरणांजवळ हेतू होता, पण नगराचे रक्षण करणारी व्यवस्था नव्हती. गवानजवळ व्यवस्था होती, पण हेतूचे वाटेकरी नव्हते. दोहोंचा मेळ घालणे हेच नेतृत्वाचे खरे काम.

तो मेळ कसा घालावा, ह्याचा एक नमुना आपल्याच दप्तरांत आहे. इ. स. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या फौजेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. जनावरांची वैरण पावसाळ्यापर्यंत जपून वापरा, हा त्यातला हुकूम. पण महाराज तेवढ्यावर थांबत नाहीत. आता मनमानी केलीत तर ऐन पावसाळ्यात वैरण संपेल, घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, भाजी उचलू लागाल. मग ती माणसे म्हणतील की, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. असे कारण पायरीपायरीने उलगडत ते जाते. गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल, इथपर्यंत ते पत्र खाली उतरते. राज्य रयतेसाठी आहे हा मोठा हेतू आणि दिव्याची वात ही लहान बाब, ह्यांची सांगड एका कागदात घातली आहे; तीही शिपायाच्या बोलीत. असे पत्र ज्याने ऐकले, त्याला उद्या पत्रात न लिहिलेला प्रसंग आला तरी काय करावे हे कळेल. हुकूम एका प्रसंगापुरता असतो. कारण पुष्कळ प्रसंगांना पुरते. महाराज गेल्यानंतर, संभाजी महाराजांचा वध झाल्यावर, राजधानी शत्रूच्या हाती गेल्यावरही मराठी मुलूख दीर्घकाळ लढत राहिला. त्याची कारणे अनेक आहेत; पण राज्य कशासाठी आहे हे शिलेदारापर्यंत पोहोचले होते, हे त्यांतले एक मोठे कारण होय, असे मला वाटते.

राजेरजवाड्यांचे दिवस सरले. आज आपल्यापुढे ग्रामपंचायती आहेत, सहकारी सोसायट्या आहेत, शाळा आहेत, कारखाने आहेत. त्यांतून रोज परिपत्रके निघतात. त्यांवर क्रमांक असतो, दिनांक असतो, सही आणि शिक्का असतो. बहुधा एकच गोष्ट नसते, ती म्हणजे हे कशासाठी. पाणीपट्टी वाढली, असा फलक चावडीवर लागतो. वाढीव पैशातून कोणती विहीर दुरुस्त होणार, हे त्यावर नसते. मग गावात चार अर्थ निघतात, आणि चारांतला सर्वांत वाईट अर्थ सर्वांत लवकर पसरतो. सीमाभागात तर ही जबाबदारी दुप्पट आहे. जिथे घरची बोली एक आणि कचेरीची दुसरी, तिथे कारण न सांगता दिलेला हुकूम दोनदा परका होतो.

बीदरला गेलात तर गवानचा मदरसा अवश्य पाहा. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमदानीत, आत साठविलेल्या दारूचा स्फोट होऊन त्याचा पुढचा बराचसा भाग कोसळला. एक मनोरा उभा आहे. दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या कौलांची नक्षी आणि अक्षरे अजून ताजी दिसतात. विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वास्तूत दारूगोळा कोणी आणि का ठेवला? ज्याने ठेवला त्याच्याजवळ कुलूप होते, किल्ली होती, हुकूमही असेल. ही इमारत कशासाठी उभी आहे, एवढे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितलेले तो विसरला होता.